धायटी, करवंद, अंजनी : फुललेल्या झुडपांचे जवळून फोटो

फाल्गुन लागला की सह्याद्रीत पळस-पांगाऱ्याचे फोटो सगळेच काढतात. झाड मोठं, रंग भडक, मागे आकाश. फारसं काही करावं लागत नाही. झुडपाचं तसं नाही. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, मधेमधे वाळकी पानं, काटे, कोळिष्टकं, मागे पुन्हा तेवढ्याच फांद्या, आणि फुलं मात्र बोटाच्या पेराएवढी. आपली नजर हा पसारा बाजूला सारून फक्त फुलं पाहते. कॅमेरा समोरचं सगळं उतरवतो. त्यामुळे घरी येऊन फोटो उघडला की त्यात फूल असतं, पण शोधावं लागतं.

यावर महागडी लेन्स हा उपाय नाही. निवडीचा क्रम उलटा करणं हा आहे. बहुतेकजण सुंदर फूल हेरतात, कॅमेरा रोखतात आणि मग मागच्या गचपणाशी झगडत बसतात. त्याऐवजी मागे साधी, एका रंगाची जागा कुठे मिळते ते आधी बघा आणि त्या जागेसमोर येणारी फांदी शोधा. बहरलेल्या झुडपावर शेकडो फुलं असतात, म्हणून फुलाची निवड शेवटावर ठेवणं परवडतं. चांगली पार्श्वभूमी मात्र एका झुडपाभोवती दोन-तीनच ठिकाणी सापडते.

खालची सगळी माहिती तीन झुडपांना धरून आहे, कारण तिघांची अडचण वेगवेगळी आहे. ज्यांना घाटात जाणं जमत नाही त्यांनी गच्चीतल्या बोगनवेलीवर किंवा सोसायटीच्या कुंपणावरच्या जास्वंदीवर सराव केला तरी चालेल. पायऱ्या त्याच आहेत.

तीन झुडपं

धायटी साधारण जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत फुललेली असते. घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडी, ओढ्यांचे काठ, उघडे उतार ही तिची जागा. लांब, कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या आणि त्यांवर ओळीने विटकरी-लाल नळ्यांचे झुबके. एक फूल एक ते दीड सेंटिमीटर लांब. लाल नळी दिसते ती पाकळ्यांची नाही, संदलांची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या वेढ्याची. पाकळ्या अगदीच चिमुकल्या असतात आणि नळीच्या तोंडातून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. फोटोच्या दृष्टीने ते पुंकेसरच महत्त्वाचे. ते रेखीव आले की फूल जिवंत दिसतं, नाहीतर नुसते लाल ठिपके उरतात.

करवंद फेब्रुवारीपासून फुलू लागतं. कोकणातले सडे, गडांच्या वाटा, घाटमाथ्यावरची माळरानं, सगळीकडे त्याच्या जाळ्या. पाच पाकळ्यांचं पांढरं चांदणीसारखं फूल, साधारण दोन सेंटिमीटरचं, मंद सुवासाचं. कळ्या टोकाकडे पिळलेल्या आणि बऱ्याचदा गुलाबी झाक असलेल्या. अडचण दोन गोष्टींची : काटे, आणि गडद पानांवरचा पांढरा रंग.

अंजनीची अडचण वेगळीच. महाबळेश्वर, माथेरान, कर्नाळा या भागात ती भरपूर आहे. बहर मार्च ते मे यांदरम्यान, जागेप्रमाणे मागेपुढे, आणि एका झाडावर तो थोडेच दिवस टिकतो. निळ्या-जांभळ्या इवल्याशा फुलांचे गुच्छ पानांच्या बगलेत आणि खाली पानं नसलेल्या फांदीवरही थेट उगवतात. चार पाकळ्या, आठ पुंकेसर. जंगलाच्या सावलीत, चकचकीत गडद पानांमध्ये हा निळा रंग कॅमेऱ्यात धड उतरत नाही. त्याचं पुढे बघू.

सामान

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स सुरुवातीला पुरते. ती साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि ५५ वर ठेवून गेलं की आठ-नऊ सेंटिमीटर रुंदीचा भाग, कधी त्याहूनही थोडा कमी, चौकट भरून येतो. झुडपाच्या फांदीच्या टोकासाठी एवढं पुष्कळ आहे. एकेका फुलात शिरायचं असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोकस होणारी) घ्या. ५० किंवा ६० ची मॅक्रो स्वस्त पडते, पण तिने पूर्ण मॅक्रोला, म्हणजे सर्वात मोठ्या आकारात घेताना, फुलाच्या इतकं जवळ जावं लागतं की लेन्सची सावली फुलावर पडते, आणि करवंदाच्या जाळीत तर लेन्सचं तोंड काट्यांवर आपटतं.

बाकीचं घरातलंच आहे. एक पांढरी छत्री, किंवा पांढऱ्या पातळ कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा, ऊन गाळायला. मिठाईच्या खोक्याचं चंदेरी झाकण, उजेड परतवायला. दीडेक फूट लांबीच्या दोन कामट्या आणि कपड्यांचे दोन चिमटे, फांदी स्थिर करायला. गुडघ्याखाली घ्यायला गोणपाटाचा तुकडा. ट्रायपॉड असेल तर न्या, पण झुडपात त्याचे पाय रोवायला जागा मिळेलच असं नाही. तो नाही म्हणून काही अडत नाही.

वेळ

फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्योदय साधारण साडेसहा ते सातच्या आसपास. त्यानंतरचे दोन तास तुमचे. उजेड तिरपा असतो आणि मुख्य म्हणजे वारा पडलेला असतो. दहाच्या पुढे जमीन तापली की उतारांवरून वारा वर चढू लागतो, आणि धायटीची लांब फांदी एकदा हलू लागली की क्षणभरही स्वस्थ बसत नाही.

घाटात याचा आणखी एक फायदा घेता येतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावर ऊन उशिरा पोचतं. कड्याच्या धारेवरच्या फांदीला कोवळं ऊन लागलेलं आणि मागची दरी अजून सावलीत, अशी पंधरा-वीस मिनिटं सकाळी मिळतात. काळपट-निळी पार्श्वभूमी आयती, फूल उजळलेलं. धायटीसाठी याहून चांगली जागा नाही. फक्त धारेवर पाय कुठे आहेत ते फोटोच्या आधी बघा; व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकायचं नाही.

अंजनीला ही घाई नाही. ती सावलीतली, तिला ढगाळ दुपारही चालते.

पहिली पायरी : कॅमेरा पिशवीत ठेवून झुडपाभोवती फिरा

तीन-चार मीटरवरून फेरी मारा. बघायचं ते हे : झुडपाच्या गाभ्यातून बाहेर सुटलेल्या फांद्या कुठल्या, आणि प्रत्येकीच्या मागे पुढची वस्तू किती लांब आहे. गाभ्यातली फुलं कितीही दाट असोत, सोडून द्या. तिथे फुलाच्या मागे दहा सेंटिमीटरवरच दुसरी फांदी असते आणि ती कुठल्याही सेटिंगने पुरती धूसर होत नाही. कडेच्या फांदीमागे एक-दीड मीटर मोकळी जागा असली की १८-५५ नेसुद्धा मागचं वितळून एकसारखं होतं.

फेरी मारण्याचं दुसरं कारण सुरक्षिततेचं आहे. झुडपांत हिरवा चापडा साप फांदीसारखा निपचित बसलेला असू शकतो, कोकणात पानं चिकटवून बांधलेली तांबड्या मुंग्यांची घरटी असतात, आणि बहरलेल्या अंजनीवर मधमाश्यांची वर्दळ असते. आधी डोळ्यांनी तपासल्याशिवाय हात आत घालू नका. खडकाळ, उघड्या जागी गुडघे टेकण्याआधी दगडांच्या फटीही बघा. फुरसं अशाच ठिकाणी सापडतं.

दुसरी पायरी : मागची जागा ठरवा

मार्चमधल्या सह्याद्रीत चांगल्या पार्श्वभूमी मोजक्याच, पण भरवशाच्या आहेत.

वाळलेलं गवत. उतारावरचं पिवळं-सोनेरी गवत दोन मीटरवर असलं की धूसर होऊन गव्हाळ रंगाचा पडदा बनतो. धायटीचा विटकरी रंग त्यावर खुलतो. करवंदाचं पांढरं फूल मात्र त्यावर फिकं पडतं; दोन्हींचा उजळपणा जवळजवळ सारखा होतो.

सावलीतली दरी किंवा समोरचा डोंगर. तिन्ही फुलांना चालतो, करवंदाला सर्वात जास्त.

वणव्याने जळालेली काळी जमीन. दिसायला उदास, पण लाल फुलामागे उत्तम. चौकटीत अर्धवट जळकी काडी येत नाही एवढं पाहा.

हिरवी झाडी. ती एकसारख्या सावलीत असेल तरच घ्या. पानांच्या फटींतून आकाश दिसत असेल तर प्रत्येक फट फोटोत पांढरा गोळा होऊन बसते. असे गोळे काहींना आवडतात. दोन-तीन असले तर ठीक, पण वीस गोळ्यांमध्ये पांढरं करवंद हरवतं.

आकाशाला शक्यतो नाही म्हणा. खाली झोपून वर बघत फोटो काढा असा सल्ला सगळीकडे मिळतो. या दिवसांत धुरकटामुळे आकाश निळं नसतं, राखाडी-पांढरं असतं. त्यासमोर फूल काळं पडतं, आणि ते उजळवायला गेलं की मागे कोरा कागद उरतो.

एक सोपी चाचणी करा. एक डोळा मिटून फुलाच्या उंचीला डोकं आणा आणि एक वीत डावीकडे, मग एक वीत उजवीकडे सरका. फूल जवळ असल्यामुळे एवढ्याशा हालचालीने त्याच्या मागचं दृश्य पूर्ण बदलतं. उजळ दगड फुलामागून निघून जातो, काळा बुंधा सरकत आत येतो. नव्वद टक्के दुरुस्ती या एका विताभरात होते. लेन्स बदलून, अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) फिरवून जे साधत नाही ते डोकं हलवून साधतं. मागचं जुळलं की तिथेच थांबा आणि कॅमेरा डोळ्याच्या जागी आणा. उलट केलं, म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावूनच सरकत राहिलं, तर लक्ष फुलावरच खिळतं आणि मागचं दिसत नाही.

तिसरी पायरी : किती दाखवायचं

मागची जागा ठरली. आता तिच्यासमोर काय येतं? झुडपाच्या क्लोज-अपमध्ये नवख्यांकडून होणारी सर्वात मोठी चूक म्हणजे बहर दाखवण्याचा मोह. ‘किती फुललंय’ हे सांगायला तीस फुलं चौकटीत घेतली की एकाही फुलाकडे नजर ठरत नाही. एक फूल किंवा एक झुबका मुख्य धरा. बाकीचं त्याला सोबत म्हणून, धूसर किंवा अर्धवट.

धायटीत फांदीचा एक तुकडा निवडा, तळहाताच्या रुंदीएवढा, ज्यावर दोन किंवा तीन झुबके आहेत आणि मधे थोडी रिकामी फांदी आहे. ती रिकामी जागा सोडू नका, तिच्यामुळेच झुबके वेगळे दिसतात. फांदीची कमान चौकटीत कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते ते ठरवून घ्या. बरोबर कोपऱ्यातून शिरली तर चौकट दोन त्रिकोणांत चिरल्यासारखी दिसते; कोपऱ्यापासून थोडं वर किंवा खाली बाजूच्या कडेतून आत घ्या. टोकाकडे, म्हणजे फांदी जिकडे झुकली आहे तिकडे, जास्त मोकळी जागा ठेवा. जुनी फुलं नळी न गाळता तशीच फांदीवर वाळतात, त्यामुळे बुडाकडचा भाग बहुधा मळकट असतो. टोकाकडचा निवडणं बरं.

करवंदाला मोठी चौकट नको. फांदीच्या टोकाला येणारा एक घोस, त्यात दोन-तीन उमललेली फुलं आणि काही पिळलेल्या कळ्या, एवढं सहा-सात सेंटिमीटरच्या चौकटीत बसतं. समोरून घेतलं तर चांदणी दिसते, पण नळी लपते आणि फूल कागदी वाटतं. तिरप्या कोनातून एक फूल समोर, दुसरं कडेने अशी फांदी मिळाली तर नळीही दिसते. आणि काटा चौकटीत असू द्या. करवंदाचे जोडीने येणारे, कधी दुभंगलेले काटे ही त्याची ओळख आहे. ते टाळून काढलेला फोटो चमेलीचा वाटतो. फक्त काट्याचं टोक फुलावर किंवा चौकटीच्या कडेवर टेकता कामा नये, मधे थोडी तरी फट हवी.

अंजनीत पानाच्या बगलेतला गुच्छ सोडून खालच्या उघड्या फांदीवरचे गुच्छ बघा. राखाडी साल आणि तिच्यावर निळे पुंजके, चौकटीत दोनच रंग. बगलेतल्या गुच्छामागे चकचकीत पान असतं आणि त्यावर आकाशाची पांढरी झिलई पडते. तसा फोटो घ्यायचाच असेल तर लेन्सवर पोलरायझर (झिलई कापणारा फिल्टर) लावून फिरवा. झिलई बरीच उतरते. उजेड मात्र त्याने एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी होतो आणि सावलीत ते जाणवतं.

आडवी की उभी चौकट हे फांदीच्या दिशेवरून ठरवा. कॅमेरा आडवा धरायची सवय असते म्हणून उभ्या फांद्याही आडव्या चौकटीत कोंबल्या जातात आणि दोन्ही बाजूंना निरर्थक जागा उरते.

चौथी पायरी : प्रतल जुळवा

जवळून फोटो घेताना फोकसची खोली किती थोडी असते याची कल्पना आकड्यांनीच येते. सर्वसाधारण एपीएस-सी (सुमारे २३ मिलिमीटर रुंद) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एफ/८ ला (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), चौकटीची रुंदी नऊ सेंटिमीटर असेल तर पुढून मागे सुमारे ६ मिलिमीटरच रेखीव येतं. चौकट साडेचार सेंटिमीटरची केली तर २ मिलिमीटर. पूर्ण मॅक्रोला, म्हणजे चौकट साधारण २३ मिलिमीटर रुंद असताना, अर्ध्या मिलिमीटरहून थोडं अधिक. अॅपर्चर एफ/११ केलं तर यात साधारण चाळीस टक्के भर पडते. त्याच्याही पुढे, एफ/१६ किंवा एफ/२२ ला, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो) सगळाच फोटो किंचित मऊ पडू लागतो आणि जवळून घेताना हा परिणाम अधिकच जाणवतो. शिवाय अॅपर्चर बारीक केलं की मागचा पसाराही आकार धरू लागतो, म्हणजे दुसऱ्या पायरीवरची मेहनत वाया. म्हणून सुरुवात एफ/८ वर करा आणि एफ/५.६ ते एफ/११ मध्येच राहा.

सहा मिलिमीटरमध्ये काय बसवायचं? धायटीचा झुबका सगळ्या बाजूंनी पसरलेला असतो, तो अख्खा कधीच बसणार नाही. पण फांदी जर सेन्सरला समांतर असेल, म्हणजे तिचं डावं आणि उजवं टोक लेन्सपासून सारख्या अंतरावर असेल, तर फांदीची रेषा आणि तुमच्या बाजूला झुकलेल्या चार-पाच नळ्यांचे पुंकेसर एका प्रतलात आणता येतात. कॅमेरा अंशाअंशाने वळवत जा. आधी डावं टोक रेखीव दिसतं का बघा, मग उजवं. दोन्ही एकदम दिसू लागली की प्रतल जुळलं. नवख्यांचे फोटो ‘अर्धेच शार्प’ येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हात हलणं हे नसून कॅमेरा तिरका असणं हे असतं.

करवंदाच्या सपाट चांदणीत हे सोपं, एका फुलाच्या पाचही पाकळ्या सहज मिळतात. अंजनीत गुच्छ फांदीला वेढून असतो, तिथे पुढच्या दोन-तीन फुलांचे पुंकेसर मिळवले की पुरे.

फोकस हाताने करा. ऑटोफोकस पुढच्या काडीवर किंवा मागच्या गवतावर उडी मारतो. लेन्सची रिंग फिरवून अंदाजे अंतर ठेवा, मग कोपर गुडघ्यावर किंवा छातीशी दाबून अंग सावकाश पुढे-मागे झुलवा आणि पुंकेसर लख्ख दिसले की चार-पाच फोटोंची मालिका सोडा. एकात तरी फोकस नेमका बसतो.

पाचवी पायरी : कडा तपासा

शटर दाबण्याआधी नजर फुलावरून काढून चौकटीच्या चारही कडांवरून फिरवा. इथे सापडतं ते असं : वरून लोंबणारं वाळकं पान, कोपऱ्यातला उजळ ठिपका, आत न शिरता कडेला चाटून जाणारी काडी, अर्धवट कापलेलं फूल. उजळ गोष्ट कडेला असली की नजर फूल सोडून तिकडेच जाते. वाळकं पान हाताने बाजूला करता येतं, गवताची काडी वाकवून पायाखाली धरता येते, आडवी येणारी फांदी दोऱ्याने मागे बांधून नंतर सोडता येते. तोडू नका. करवंदाची फांदी मोडली की पांढरा चीक गळतो आणि तोच फुलांवर सांडून फोटो बिघडवतो. शिवाय कडेची ती फांदी पुढे करवंदं धरणारी असते. अभयारण्यात, उदाहरणार्थ कर्नाळ्याला, काहीच तोडायची परवानगी नसते.

उजेड आणि एक्स्पोजर

धायटीला मागून येणारं ऊन द्या. सूर्य फुलांच्या मागे, थोडा बाजूला. नळ्या आतून पेटल्यासारख्या दिसतात आणि पुंकेसरांना सोनेरी कड येते. लेन्सच्या तोंडावर थेट ऊन पडू देऊ नका, टोपीची सावली धरा, नाहीतर रंगावर पांढुरकी साय चढते. पुढची बाजू फारच काळवंडली तर चंदेरी झाकण खालून एक हात अंतरावर धरा.

लाल रंगाचा एक धोका लक्षात ठेवा. साधा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) सगळं ठीक दाखवतो, पण लाल वाहिनी आधीच भरून वाहिलेली असते आणि नळीवरच्या रेषा पुसून सपाट लाल डाग उरतो. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू करा आणि लालचा डोंगर उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉपने उतरवा.

करवंदाच्या बाबतीत कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर दोन्हीकडून फसतो. लहानसं पांढरं फूल आणि भोवती गडद पानं असतील तर कॅमेरा काळोख समजून उजेड वाढवतो आणि पाकळ्या कोऱ्या होतात. तिथे एक्स्पोजर उणे दोन तृतीयांश ते उणे एक स्टॉप. तेच फूल चौकटभर घेतलं तर कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करतो. तिथे अधिक दोन तृतीयांश. थेट उन्हात पांढरी पाकळी घ्यायचीच नाही. छत्री उघडून सूर्य आणि फूल यांच्यामध्ये धरा, शक्य तितकी जवळ, पण चौकटीबाहेर. छत्रीची सावली मागच्या गवतावरही पडत असेल तर मागचं काळवंडतं, तेव्हा छत्री लहान असलेली बरी.

कॅमेरा हातात धरून काढताना शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, वारा असेल तर १/५००. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करावा लागला तर करा. थोडी रवाळ प्रतिमा नंतर सुधारता येते, हललेली येत नाही.

वारा आणि कामट्या

कामटी फांदीपासून थोडी दूर जमिनीत रोवा, चिमटा तिच्या टोकाला बांधा आणि चौकटीच्या बाहेर, फुलाच्या शक्य तितक्या जवळ फांदी चिमट्यात धरा. साल सोलवटू नये म्हणून चिमट्याच्या जबड्यात फोमचा तुकडा. एका कामटीने फांदी स्थिर होत नाही, ती झोके घ्यायच्या ऐवजी गरगरते. म्हणून दोन, फुलाच्या दोन्ही बाजूंना. करवंदाच्या ताठ फांदीला एवढं करायची गरज पडत नाही.

फुलांवर पाणी शिंपडून दव दाखवू नका. फेब्रुवारीत दरीतल्या गावांत खरं दव पडतं आणि ते पाकळीच्या कडेवर बारीक, एकसारखं असतं. शिंपडलेले थेंब लहानमोठे, मधोमध साचलेले असतात आणि ओळखू येतात. वर करवंदाची पाकळी पाण्याने लगेच मलूल दिसू लागते.

धायटीवर शिंजीर मध प्यायला येतात. पक्षी घुटमळत असतील आणि तुमच्यामुळे फांदीवर उतरत नसतील तर दोन-तीन झुडपं पुढे जा. फुलं तिथेही आहेत.

मोबाइल असेल तर

फूल जवळ घेतलं की बरेच मोबाइल आपणहून रुंद लेन्सच्या मॅक्रोवर जातात. तिने फूल मोठं दिसतं, पण मागचा अख्खा डोंगर आणि तुमची सावलीही येते. मॅक्रो बंद करा, दुप्पट झूम लावा आणि फोकस होईल तेवढं मागे सरका. बोट फुलावर दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतात. मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. पोर्ट्रेट मोड टाळा. तो मागचं धूसर करताना धायटीचे पुंकेसर आणि करवंदाचे काटेही पुसतो, कारण इतक्या बारीक कडा त्याला कळत नाहीत. मोबाइलचा सेन्सर लहान असल्याने मागचं आपोआप फारसं धूसर होत नाही, म्हणून दुसरी पायरी मोबाइलवाल्यांना अधिकच लागू : मागची मोकळी जागा दीड मीटरऐवजी तीन-चार मीटर शोधा.

तिथेच तपासा, मग घरी

प्रत्येक झुडपानंतर एक फोटो पूर्ण मोठा करून पडद्यावर बघा, सावलीत. तीन गोष्टी : पुंकेसर रेखीव आहेत का, कडांवर काही उजळ आहे का, पांढऱ्यात किंवा लालमध्ये तपशील उरला आहे का. यातलं एकही चुकलं असेल तर पुन्हा घ्यायला फूल अजून समोर आहे.

संगणकावर फार काही करायचं नसतं. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घेतलं असेल तर करवंदाचे हायलाइट, म्हणजे सर्वात उजळ भाग, थोडे उतरवा. धायटीत लालचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवायचा हात आवरा. हवं तर पाच-दहा अंकांनी कमीच करा, नळीवरच्या रेषा परत येतात. अंजनीला मात्र वेळ द्या. दाट झाडीखालचा उजेड पानांतून गाळून आलेला, हिरवट असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपणहून केलेली रंगांची जुळवणी) त्याची भरपाई करताना फुलाला कधी जांभळं, कधी शाईसारखं निळं करतो, एकाच गुच्छाच्या लागोपाठच्या दोन फोटोंत वेगवेगळं. जागेवरच व्हाइट बॅलन्स डेलाइटला बांधून ठेवा आणि पहिल्या फोटोत गुच्छाशेजारी साधा पांढरा कागद धरा. घरी त्या कागदावर रंग जुळवून तीच सेटिंग बाकीच्या फोटोंना लावा. ‘शेड’ सेटिंग टाळा. ते पिवळेपणा वाढवतं आणि निळा रंग राखाडीकडे झुकतो. हिरव्या पानांचा उजळपणा थोडा खाली ओढला तर निळ्याला आणखी उठाव येतो. निळ्याचं सॅच्युरेशन वाढवून तो उठाव आणायला गेलं तर पुंकेसर आणि पाकळ्या एकमेकींत मिसळतात.